बोन्सायचे वन : झाडे विषम असावीत की सम?

कल्याणहून मुरबाडमार्गे माळशेज घाटाकडे जाणाऱ्या रस्त्यावर टोकावडे हे गाव लागते. पावसाळ्यात या भागात भातखाचरांच्या पलीकडे, डोंगराच्या पायथ्याशी, झाडांचे निरनिराळे पुंजके नजरेस पडतात. कोठे तीन-चार झाडे एकमेकांना खेटून उभी असतात, तर कोठे एखादेच झाड पुंजक्यापासून फटकून राहिलेले असते. दुरून दिसणारा हा देखावा एका उथळ कुंडीत उतरविणे ही वामनवृक्ष-संवर्धनाची, म्हणजेच बोन्सायची, एक स्वतंत्र शाखा आहे. जपानी भाषेत तिला ‘योसे-उए’ म्हणतात. रोपवाटिकांत या उथळ कुंडीला सर्वजण ट्रे म्हणतात, म्हणून येथेही तोच शब्द वापरला आहे.

लहान रोपवाटिका चालविणाऱ्या शेतकऱ्याच्या दृष्टीने या शाखेचे महत्त्व वेगळे आहे. एकट्या झाडाला बोन्साय म्हणून मोल यावयाचे तर त्याचा बुंधा जाड, मुळे चोहोबाजूंस पसरलेली आणि फांद्या योग्य जागी असाव्या लागतात. त्यासाठी दहा-पंधरा वर्षे लागली तरी नवल नाही. वनाच्या ट्रेला मात्र सरळ, सडपातळ आणि एकाच अंगाला फांद्या असलेली रोपे चालतात, किंबहुना तशीच हवी असतात. कारण दाट रानातील झाडे अशीच वाढतात. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानमध्ये तयार वामनवृक्ष दुर्मिळ व महाग झाले, तेव्हा तोशिओ कावामोतो यांनी कोवळ्या, स्वस्त झाडांच्या समूहांतून लघुदृश्ये रचण्याची ‘साईकेई’ ही पद्धती रूढ केली. एकटे उभे केल्यास टाकाऊ ठरणारे रोप समूहात उपयोगी पडते, हेच तिचे मर्म.

रोपे तयार झाली की पहिला प्रश्न संख्येचा येतो. बोन्सायची पुस्तके व शिकवणीवर्ग यांत सर्वत्र एकच नियम सांगितला जातो : झाडे विषम संख्येत लावावीत, तीन, पाच, सात, नऊ. हा नियम ऐकून आलेल्या बागाईतदाराजवळ सहा चांगली रोपे असली, तर तो एक टाकून देतो, किंवा सातवे, बहुधा निकृष्ट वा भिन्न जातीचे, कोठून तरी आणून ट्रेमध्ये बसवितो. दोन्ही प्रकारांत नुकसानच होते. तीन-चार वर्षे वाढविलेल्या रोपावर केलेले श्रम थोडे नसतात, आणि भिन्न पानाच्या एकाच झाडाने सगळे वन बिघडते. म्हणून हा नियम मुळात कशासाठी आहे आणि तो कोठवर पाळावा, हे समजून घेणे अगत्याचे आहे.

नियमाचा उगम

जपानमध्ये विषम संख्या शुभ मानण्याची रूढी जुनी आहे. मुलांच्या वयाच्या तिसऱ्या, पाचव्या व सातव्या वर्षांशी निगडित असा ‘शिची-गो-सान’ हा सण १५ नोव्हेंबरला साजरा होतो. त्या नावाचा अर्थच सात-पाच-तीन असा आहे. चार या संख्येचा ‘शी’ हा उच्चार मृत्यू या अर्थाच्या शब्दाशी जुळतो, म्हणून ती संख्या अनेक ठिकाणी टाळली जाते. वनाच्या ट्रेची नावेही तीन झाडांचे ‘साम्बोन-योसे’, पाच झाडांचे ‘गोहोन-योसे’, सातांचे ‘नानाहोन-योसे’, नवांचे ‘क्यूहोन-योसे’ अशी विषम संख्यांवरून पडली आहेत. दोन झाडांची जोडी हा तेवढा मान्य अपवाद आहे. त्यातही एक झाड उंच व दुसरे बरेच ठेंगणे ठेवून, मायलेकरांसारखी ती जवळजवळ लावतात.

मराठी वाचकास यात परके असे काही वाटणार नाही. गणपतीला एकवीस दूर्वा, महादेवाला बेलाचे त्रिदळ आणि आहेराच्या पाकिटात शंभरावर एक रुपया ठेवण्याची चाल आपल्याकडेही आहे. परंतु शुभाशुभाच्या समजुतीवरून झाडांची मांडणी ठरवावयाची नसते. नियमाला दुसरा आधार आहे, तो डोळ्याचा.

तीन-चार वस्तू समोर असल्या की माणूस त्या मोजत बसत नाही; एका दृष्टिक्षेपात त्यांची संख्या कळते. ही गोष्ट मानसशास्त्रातील प्रयोगांनी सिद्ध झालेली आहे. त्याहून अधिक वस्तू असल्या म्हणजे मोजावे तरी लागते किंवा अंदाज तरी बांधावा लागतो. यावरून एक गोष्ट उघड होते. ट्रेमध्ये चार झाडे असली आणि ती सारख्या उंचीची व सारख्या अंतरावर असली, तर पाहणाराला तत्क्षणी दोन जोड्या किंवा चौकोनाचे चार कोपरे दिसतात. खाटेचे चार पाय दिसावेत तसे हे दिसते. पाच झाडांत कितीही जोड्या लावल्या तरी एक झाड उरते. त्या उरलेल्या झाडाकडे नजर जाते, तेथून परत फिरते, आणि असे हिंडणे चालू राहिले की पाहणाराला आपण झाडांच्या गर्दीत शिरल्यासारखे वाटते. विषम संख्येचा गुण एवढाच आहे.

हा गुण संख्या वाढेल तसा क्षीण होतो. नऊ-दहाच्या पुढे झाडे सम आहेत की विषम, हे मोजल्याखेरीज कोणालाही सांगता येत नाही. बारा झाडांचा व तेरा झाडांचा असे दोन ट्रे शेजारी ठेवले, तर त्यांत चांगला कोणता हे झाडांच्या मांडणीवरून ठरेल, संख्येवरून नव्हे.

अकरा नातवंडे आणि पंधरा दगड

जगातील अतिशय प्रसिद्ध अशा वनाच्या ट्रेची कथा या संदर्भात उद्बोधक आहे. अमेरिकेतील जपानी वंशाचे बोन्सायकार जॉन नाका यांनी ‘गोशिन’ या नावाचे जुनिपर झाडांचे वन तयार केले. त्यातील पहिल्या झाडांवर त्यांनी १९४८ मध्ये काम सुरू केले. १९६४ मध्ये त्यांनी तयार असलेली चार झाडे प्रथम एकत्र लावली. चार ही समसंख्या होती, हे येथे ध्यानात घ्यावे. पुढे त्यांनी त्यांत भर घालून सात झाडे केली. एकेका नातवंडासाठी एकेक. नातवंडे अकरा झाली तेव्हा झाडेही अकरा झाली. १९८४ मध्ये त्यांनी हे वन अमेरिकेच्या राष्ट्रीय बोन्साय प्रतिष्ठानास दिले आणि ते वॉशिंग्टन येथील राष्ट्रीय वृक्षोद्यानात ठेवण्यात आले. सात आणि अकरा या दोन्ही संख्या विषम निघाल्या, हा घरातील योगायोग. बारावे नातवंड झाले असते तर वनाची शोभा कमी झाली असती, असे मानण्यास काही आधार नाही.

दुसरे उदाहरण झाडांचे नसून दगडांचे आहे. क्योटो शहरातील रिओआन-जी या मंदिराच्या वाळूच्या बागेत पंधरा दगड आहेत. ते पाच, तीन, तीन, दोन व दोन अशा पाच पुंजक्यांत मांडलेले आहेत. म्हणजे एकूण संख्या विषम असली तरी आत दोन पुंजके समसंख्येचे आहेत. शिवाय ओसरीवर बसून पाहताना, कोठेही बसले तरी, एक दगड दृष्टीआड राहतो आणि चौदाच दिसतात. समसंख्या दिसली म्हणून कोणाचा रसभंग झाल्याचे ऐकिवात नाही.

पुंजक्यांची विभागणी

या दोन उदाहरणांवरून ट्रे लावणाऱ्याने घ्यावयाचा बोध असा की, एकूण संख्येपेक्षा ती कशी विभागली आहे याला अधिक महत्त्व आहे. अंकगणित अगदी सोपे आहे. विषम संख्येचे दोन भाग केले की एक भाग सम व एक विषम होतो. पाचांचे तीन व दोन, सातांचे चार व तीन किंवा पाच व दोन. म्हणजे प्रत्येक विषम वनात एक सम पुंजका दडलेला असतोच. उलट समसंख्येचे दोन विषम भाग करता येतात. चारांचे तीन व एक, सहांचे पाच व एक, आठांचे पाच व तीन. डोळ्याला खुपतात ते समान भाग : दोन व दोन, तीन व तीन, चार व चार. कुंडीच्या मध्यरेषेच्या दोन्ही अंगांस सारखी झाडे आली की ते वन राहत नाही, देवळापुढच्या दीपमाळांची जोडी होते.

तेव्हा सहा रोपे असलेल्याने सहावे टाकू नये. पाचांचा पुंजका ट्रेच्या एका बाजूस करावा आणि सहावे, सर्वांत लहान, दुसऱ्या टोकाजवळ एकटे ठेवावे. टोकावड्याच्या माळावर असे फटकून उभे असलेले झाड शोधावे लागत नाही. तीन झाडांत मात्र नियम पाळणे सोपे असते. चार झाडांचा ट्रे सर्वांत अवघड. तीन व एक अशी विभागणी करूनही उंचीत स्पष्ट फरक नसेल, तर चौकोन दिसतोच. नवशिक्याने चारांपासून आरंभ करू नये.

आपल्या परंपरेत याच तत्त्वाचे एक सुंदर उदाहरण आहे. पुराणांत पंचवटी लावण्याचा विधी सांगितला आहे. पिंपळ पूर्वेस, बेल उत्तरेस, वड पश्चिमेस आणि आवळा दक्षिणेस. येथवर चार दिशांना चार झाडे झाली व मांडणी चौरस झाली. पाचवा अशोक मध्यभागी न ठेवता आग्नेयेस लावावयाचा असतो. त्यामुळे चौरस मोडतो आणि एका बाजूस दाटी होते. हा अशोक म्हणजे तांबूस-नारिंगी फुलांचा सीताअशोक होय. बंगल्यांच्या कुंपणालगत लावतात तो उंच, लोंबत्या पानांचा अशोक वेगळा आहे.

शेतकऱ्याच्या हाताला मात्र उलट सवय असते, आणि ती ट्रे लावताना आड येते. भाताची लावणी, आंब्याची लागवड ही कामे ओळीत व मोजून करावयाची असतात. आंबा दहा मीटर अंतराने चौरस पद्धतीने लावला तर हेक्टरी शंभर झाडे बसतात; षट्कोनी पद्धतीने सुमारे पंधरा टक्के अधिक बसतात. चारसूत्री भातलागवडीत चार चुडांच्या मधोमध खताची गोळी खोचतात, त्यासाठी चौकोन नेमका असावा लागतो. शेतात हे सर्व योग्यच आहे. प्रत्येक झाडास सारखी जागा, सारखे ऊन व सारखे खत मिळावे हा तेथील हेतू असतो. वनात बी पडेल तेथे रुजते आणि उजेड मिळेल तिकडे वाढते. तेथे सारखेपणा शोधूनही सापडत नाही. ट्रे लावण्यापूर्वी जवळच्या एखाद्या देवराईत जाऊन खोडांमधील अंतरे न्याहाळावीत. त्याने पुस्तकातील दहा आकृत्यांचे काम होते.

जातींची निवड व लागवड

येथील हवामानात चिंच, करवंद, नांदरूक व पायर या जाती ट्रेसाठी सोयीच्या आहेत. चिंचेची पाने मुळातच बारीक असल्याने लहान झाडही मोठे भासते. करवंदाची वाढ मंद, पण झाड काटक. त्याचे बी ताजे असतानाच पेरावे. नांदरुकाच्या फाट्या एकाच मातृवृक्षापासून घेतल्यास सर्व झाडांची साल, पान व पालवीचा काळ सारखा राहतो, हा त्याचा विशेष लाभ आहे. साग किंवा ऐन यांचा मोह धरू नये. रानात हीच झाडे भोवताली असली तरी त्यांची मोठी पाने ट्रेमध्ये हास्यास्पद दिसतात. राखीव वनातून परवानगीवाचून रोपे वा बुंधे उकरून आणणे हा भारतीय वन अधिनियम, १९२७ प्रमाणे गुन्हा आहे, आणि मुरबाड तालुक्याचा काही भाग तर १९८५ मध्ये घोषित झालेल्या भीमाशंकर अभयारण्यात मोडतो. वनाच्या ट्रेला जुना बुंधा लागतच नाही, त्यामुळे हा धोका पत्करण्याचे कारणही उरत नाही.

चिंचोके एक दिवस पाण्यात भिजवून जूनच्या आरंभी गादीवाफ्यावर पेरावेत. रोपे वीतभर झाली की उपटून सोटमूळ अर्ध्यावर छाटावे व पिशवीत लावावे. सोटमूळ तसेच ठेवल्यास पुढे उथळ ट्रेमध्ये झाड बसत नाही. सात झाडांचा ट्रे करावयाचा असेल तर निदान बारा रोपे वाढवावीत, आणि त्यांतील काहींना मोठी पिशवी, काहींना लहान द्यावी. सर्वांना सारखे पोसले तर सर्व सारखीच वाढतील, आणि सारख्या उंचीची सात झाडे सातपणे मांडूनही कुंपणासारखीच दिसतील. संख्या चुकल्याने जेवढे ट्रे बिघडत नाहीत तेवढे या एका कारणाने बिघडतात. सर्वांत उंच झाड ४५ सेंटिमीटर असल्यास सर्वांत लहान १५ ते २० सेंटिमीटर असावे, व उंच झाडाचा बुंधाच सर्वांत जाड असावा.

ट्रे सुमारे ६० सेंटिमीटर लांब, ४० सेंटिमीटर रुंद व ५ सेंटिमीटर खोल असावा आणि त्यास पाणी जाण्यासाठी चांगली मोठी छिद्रे असावीत. दोन भाग विटांचे बारीक खडे, एक भाग लाल माती व एक भाग पूर्ण कुजलेला पालापाचोळा असे मिश्रण करावे. धूळ चाळून काढावी. उथळ मातीत झाडे आपल्या बळावर उभी राहत नाहीत. म्हणून बांबूच्या कामट्यांची जाळी करून ती छिद्रांतून काढलेल्या तारेने ट्रेला आवळावी व मुळे त्या जाळीला बांधावीत. प्रमुख झाड लांबीच्या एक तृतीयांशावर, मध्यरेषेच्या किंचित पुढे ठेवावे. दुसऱ्या क्रमांकाचे त्याच्या अगदी जवळ यावे. उरलेली झाडे लावताना समोरून पाहून तीन खोडे एका ओळीत येत नाहीत व एकामागे एक लपत नाहीत, एवढे पाहावे. मग बाजूने पाहून तीच खात्री करावी. लहान झाडे मागे ठेवल्यास वनाला खोली येते. हे काम जूनच्या उत्तरार्धात करावे, परंतु पहिले तीन-चार आठवडे ट्रे मुसळधार पावसात उघडा ठेवू नये. माती धुपून मुळे उघडी पडतात. ट्रे विटांवर ठेवून एका बाजूने किंचित उचलावा, म्हणजे पाणी साचणार नाही. भिंतींवर व दगडांवर येणारे हिरवे शेवाळ जुलैत खरवडून मातीवर थापल्यास धूपही थांबते.

एखादे झाड मेल्यास

विषम-समाचा प्रश्न खरा अडचणीचा होतो तो लागवडीच्या वेळी नव्हे, तर दोन-तीन वर्षांनी, ट्रेमधील एखादे झाड वाळते तेव्हा. काठाची माती आधी सुकते, म्हणून काठाजवळची लहान झाडे एप्रिल-मेच्या उन्हात प्रथम बळी पडतात. ऐन पावसाळ्यात छिद्रे बुजली तर मागची, सावलीतली झाडे कुजतात. शिवाय प्रमुख झाड इतरांच्या वाट्याचे अन्न ओढते. त्याची छाटणी सर्वांत कडक ठेवावी ती यासाठीच.

पाच झाडांच्या ट्रेमधील एक मेले की चार उरतात. अशा वेळी नियमाच्या धाकाने मालक मेलेले झाड उपटतो व त्या भोकात नवे रोप खुपसतो. हा उपाय घातक आहे. दोन-तीन वर्षांत सर्व झाडांची मुळे एकमेकांत गुंतून त्यांची एकच चटई झालेली असते. एक उपटले की शेजारच्या दोहोंची मुळे तुटतात, आणि पाचांचे चार झाले होते त्यांचे तीन किंवा दोन होतात. नव्या रोपासही त्या दाटीत मूळ धरता येत नाही. मेलेले झाड मातीच्या वर धारदार कात्रीने कापावे व मूळ तसेच सोडावे. शेजारचे कोणी रोगाने मरत नाही अशी खात्री असेल तर वठलेले खोडही एक-दोन वर्षे उभे ठेवता येते. रानातही वठलेली झाडे उभी असतातच, आणि डोळा खोडे मोजतो, पाने नव्हे. मात्र बारीक खोडाचे लाकूड पावसाळ्यात लवकर कुजते, त्यावर फार काळ विसंबू नये.

यानंतर उरलेल्यांची विभागणी पाहावी. तीन व दोन अशा ट्रेमध्ये दोहोंपैकी एक गेले असेल तर तीन व एक उरतात; ते चांगले दिसते व काहीही करावयास नको. तिहींपैकी एक गेले असेल तर दोन व दोन उरतात, आणि हीच वाईट स्थिती होय. तेव्हा धाकट्या जोडीतील लहान झाड छाटून आणखी ठेंगणे करावे व थोरल्या जोडीतील उंच झाडास अधिक वाढू द्यावे. उंचीतील तफावत वाढली की चौकोन मोडतो. पुढील जूनपर्यंत एवढ्यावर भागते. नंतर कुंडी बदलण्याच्या वेळी चटई ट्रेबाहेर काढून धारदार सुरीने दोन पुंजक्यांच्या मधून कापावी, धाकटा पुंजका थोडा फिरवून मागे सरकवावा, आणि वाटल्यास पिशवीत राखून ठेवलेल्या समवयस्क रोपांपैकी एक त्या वेळी मधल्या मोकळ्या जागेत लावावे. कापलेली मुळे उन्हात उघडी राहू देऊ नयेत. ओल्या गोणपाटाखाली ठेवून काम उरकावे आणि ट्रे पंधरा दिवस सावलीत ठेवावा.

शहापूर-मुरबाड भागात उन्हाळ्याच्या अखेरीस विहिरी आटतात, तेव्हा ट्रेला पाणी कोठून घालावे असा प्रश्न साहजिक आहे. वर दिलेल्या मापाच्या ट्रेला एका वेळी दोन-तीन लिटर पाणी पुरते, पण ते मे महिन्यात सकाळी व सायंकाळी, असे दोनदा द्यावे लागते. एक वेळ चुकली तरी काठची झाडे माना टाकतात. ट्रेखाली पसरट घमेले ठेवल्यास निथळलेले पाणी परत वापरता येते. दुपारी ट्रे पूर्वेकडच्या पडवीत किंवा गवताच्या मांडवाखाली हलवावा आणि पाणी झारीने, आधी काठांना व मग मध्यभागी द्यावे.